लीड्सला मुलाकडे जात आहोत : रेल्वेचे कोणते सवलत-कार्ड घ्यावे?

इंदिरानगरकर (नाशिक)

सर्वांना नमस्कार.

माझे वय ६३ आणि पत्नीचे ५८. येत्या मे महिन्याच्या सुरुवातीस आम्ही दोघे इंग्लंडमध्ये लीड्स येथे मुलाकडे जात आहोत आणि ऑगस्टच्या अखेरीस नाशिकला परतणार आहोत. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात. नात सहा वर्षांची असून शाळेत जाते. त्यामुळे शनिवार-रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत सर्वांनी मिळून फिरायचे आणि एरवी आम्ही दोघांनीच जवळपासची गावे पाहून यायची, असा विचार आहे. यॉर्क आणि एडिनबरा पाहायचेच आहे. शिवाय लंडनला चार-पाच दिवस राहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या घरात राहत होते ते घर आणि, आमचे मूळ गाव भगूर असल्यामुळे, स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वास्तव्य होते ते हायगेटचे इंडिया हाउसही डोळे भरून पाहायचे आहे.

मुलगा म्हणतो, "बाबा, तिकिटांचे तुम्ही मनावर घेऊ नका." परंतु तेथील रेल्वेभाडी पाहिल्यापासून ते मनावरून उतरत नाही. त्याने नुकतेच घर घेतले आहे, हप्ते चालू आहेत, आणि आमच्या फिरण्याचा भार त्याच्यावर पडावा असे आम्हा दोघांनाही वाटत नाही. तेथे सवलतीची रेलकार्डे मिळतात असे कळले, पण त्यांचे प्रकार इतके आहेत की आपल्यासाठी कोणते, हे ठरवता येत नाही. नोकरीची बरीच वर्षे मी पंचवटी एक्स्प्रेसच्या पासावर नाशिकरोड-मुंबई ये-जा केली, त्यामुळे पासाचा हिशेब मला समजतो; हे कार्डही तसेच असते का? आपल्याकडे ज्येष्ठांना पुरुषांसाठी साठाव्या वर्षापासून ४० टक्के आणि स्त्रियांसाठी अठ्ठावन्नाव्या वर्षापासून ५० टक्के सवलत होती. ती मार्च २०२० मध्ये थांबली, त्यामुळे आमच्या वाट्याला आलीच नाही. तेथे पत्नीला अठ्ठावन्न पूर्ण असल्यामुळे ज्येष्ठांचे कार्ड मिळेल ना? आमच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि पर्यटक व्हिसा असेल. तेवढ्यावर कार्ड देतात का? आणि येथूनच एखादा पर्यटकांचा पास काढून नेणे अधिक फायद्याचे पडेल का?

ज्यांनी प्रत्यक्ष हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

देवळालीकर

नमस्कार. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मँचेस्टरला मुलीकडे होतो. आम्ही दोघेही साठीच्या पुढचे असल्यामुळे प्रत्येकी एक 'सीनियर रेलकार्ड' काढले. स्टेशनच्या तिकीट खिडकीवर भारतीय पासपोर्ट दाखवला, वयाची खात्री झाली आणि कार्ड हातात मिळाले. तेथील रहिवासी असण्याची अट या कार्डाला नाही, त्यामुळे व्हिसाची काळजी करू नये.

कार्डाची किंमत वर्षाला ३५ पौंड आहे. २ मार्च २०२५ पूर्वी ती ३० होती. तीन वर्षांचे कार्ड ८० पौंडांना मिळते. मुलीकडे पुन्हा जाणे होणारच आहे, म्हणून आम्ही तीन वर्षांचेच घेतले. बहुतेक सर्व तिकिटांवर एक तृतीयांश सवलत मिळते. तुम्हीही तेच घ्यावे असे मी सुचवेन. वहिनींच्या बाबतीत मात्र अडचण आहे, कारण तेथे स्त्री-पुरुष दोघांनाही साठ वर्षे पूर्ण असावी लागतात.

आयर_ते_गोदा (लीड्स, मूळ पंचवटी)

काका, नमस्कार. मी लीड्समध्येच राहतो, आणि आई-बाबा नाशिकहून आले की हाच हिशेब आमच्या घरीही मांडला जातो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी पासाचा मुद्दा, कारण नाशिकहून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची समजूत येथे अडते. पंचवटीचा पास एकदा काढला की ठरावीक मार्गावर महिनाभर पुन्हा तिकीट काढावे लागत नाही. रेलकार्ड तसे नाही. त्याच्यावर प्रवास होत नाही. दर वेळी तिकीट काढावेच लागते, मात्र ते सवलतीत मिळते, आणि तपासनीस आला की तिकिटाबरोबर कार्डही दाखवावे लागते. म्हणजे कार्ड घेतल्याबरोबर पैसे वाचत नाहीत, तिकिटे काढू लागल्यावर वाचतात. सवलत एक तृतीयांश आणि कार्ड ३५ पौंडांचे, तेव्हा मूळ भाड्याने १०५ पौंडांची तिकिटे झाली की कार्डाची किंमत वसूल होते आणि त्यापुढची सगळी बचत आपली. पूर्ण भाड्याने १०५ पौंड हा आकडा येथे फार लवकर गाठला जातो.

आता कार्ड कोणते, हे किमतीवर ठरत नाही, कारण बहुतेक कार्डांची किंमत तीच ३५ पौंड आहे. ते ठरते कोण कोणाबरोबर आणि कोणत्या वेळी गाडीत बसणार यावर. देवळालीकरांच्या घरी दोघेही साठीपुढचे होते म्हणून त्यांचा निर्णय अगदी योग्य होता. तुमच्याकडे मात्र सीनियर कार्डाचा लाभ तुम्हा एकट्यालाच होईल आणि काकूंचे तिकीट पूर्ण भाड्याचे राहील. समजा, कुठे जाण्या-येण्याचे तिकीट माणशी ६० पौंड आहे. दोघांचे १२० झाले. सीनियर कार्डावर त्यातले २० वाचतील. त्याऐवजी 'टू टुगेदर' नावाचे कार्ड घेतले, तर दोघांच्याही तिकिटांवर सवलत मिळून ४० वाचतील आणि त्या एका फेरीतच कार्डाची किंमत निघेल. हे एकच कार्ड दोघांत असते, दोघांची नावे आणि छायाचित्रे त्याच्यावर असतात, नाते किंवा वयोगट विचारला जात नाही, फक्त दोघेही सोळा वर्षांपुढचे असावे लागतात. अटी दोन आहेत. पहिली, दोघांनी संपूर्ण प्रवास बरोबरच केला पाहिजे. तुम्ही एकटे कुठे निघालात तर ते कार्ड चालत नाही. दुसरी, सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते वापरता येत नाही; शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी वेळेचे बंधन नाही.

परंतु तुमच्या प्रश्नात नात आहे, आणि माझ्या मते खरी बचत तिच्यामुळे आहे. 'फॅमिली अँड फ्रेंड्स' नावाच्या कार्डावर जास्तीत जास्त चार मोठी माणसे आणि पाच ते पंधरा वर्षांची चार मुले एकत्र प्रवास करू शकतात. मोठ्यांच्या तिकिटावर एक तृतीयांश आणि मुलांच्या तिकिटावर ६० टक्के सवलत मिळते. मुलगा, सून, तुम्ही आणि काकू मिळून बरोबर चार मोठी माणसे होतात. वरचाच ६० पौंडांचा दर धरला तर चौघांच्या २४० पौंडांतून ८० वाचतात, आणि नातीच्या तिकिटावरची बचत वेगळी. अट अशी की किमान एक मूल आणि कार्डावर नाव असलेली किमान एक मोठी व्यक्ती त्या प्रवासात असलीच पाहिजे. सकाळच्या गर्दीच्या वेळेचे बंधन या कार्डाला फक्त लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या टापूत आहे; लीड्सहून यॉर्कला जाताना सकाळी आठची गाडीही धरता येते.

या कार्डावर दोन व्यक्तींची नावे घालता येतात. लोक विचार न करता नवरा-बायकोची नावे घालून मोकळे होतात. तुम्ही एक नाव मुलाचे आणि दुसरे तुमचे घाला. जुलैच्या अखेरीस शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते तेव्हा मुलगा-सून कामावर असणार आणि नातीला घेऊन तुम्ही दोघेच बाहेर पडणार, हे जवळपास ठरलेले आहे. तुमचे नाव कार्डावर असले म्हणजे त्या दिवसांतही आजी, आजोबा आणि नात असे तिघांना सवलत मिळेल. तुम्ही परत गेल्यावर कार्डाची उरलेली मुदत मुलाच्या उपयोगी पडेल.

तेव्हा क्रम असा ठेवावा. फॅमिली अँड फ्रेंड्स आल्याबरोबर घ्यावे. शाळा चालू असताना तुम्ही दोघे किती बाहेर पडता, हे पहिल्या पंधरवड्यात ध्यानात येईल. मूळ भाड्याने दोघांची मिळून १०५ पौंडांहून अधिक तिकिटे होतील असे दिसले, तर टू टुगेदरही घ्यावे. लंडनची एक फेरी धरली तरी तो आकडा गाठला जाण्याची शक्यता पुष्कळ आहे.

हिशेबनीस_सिडको

पर्यटकांच्या पासाविषयी लिहितो, कारण तो प्रश्न मागे राहिला आहे. 'ब्रिटरेल' हा पास ब्रिटनमध्ये न राहणाऱ्यांसाठीच असतो, त्यामुळे तो तुम्ही दोघे घेऊ शकता, मुलगा-सून घेऊ शकत नाहीत. सलग काही दिवसांचा किंवा महिनाभरातील निवडक दिवसांचा, अशा दोन तऱ्हांनी तो मिळतो आणि त्या दिवसांत वेगळे तिकीट लागत नाही. आठवडाभरात लंडन, एडिनबरा, बाथ, कार्डिफ असा रोज लांबचा पल्ला गाठणाऱ्या माणसाला तो परवडतो. एका गावी मुक्काम ठेवून अधूनमधून बाहेर पडणाऱ्यांना तो महाग पडतो, कारण पासाचे पैसे आधी भरले जातात आणि मग ते वसूल करण्यासाठी वणवण होते. तुमच्या बेताला रेलकार्डच योग्य आहे.

दुसरा मुद्दा तिकिटांचा. कार्डावरच लक्ष ठेवून लोक तिकीट मात्र महाग काढतात. तेथे तिकिटांचे मुख्य प्रकार तीन आहेत. 'एनीटाइम' सर्वांत महाग. 'ऑफ-पीक' गर्दीची वेळ टाळणाऱ्यांसाठी. आणि 'ॲडव्हान्स' हे ठरलेल्या तारखेच्या ठरलेल्या गाडीचेच, पण लांबच्या प्रवासात बहुधा सर्वांत स्वस्त. ॲडव्हान्स तिकिटे साधारण बारा आठवडे आधी विक्रीस येतात. स्वस्त तिकिटांची संख्या मर्यादित असल्यामुळे ती आधी संपतात आणि उरलेली हळूहळू महाग होत जातात. या तिन्ही प्रकारांवर रेलकार्डाची सवलत मिळते, म्हणजे आधीच स्वस्त असलेले ॲडव्हान्स तिकीट आणखी एक तृतीयांशाने उतरते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की फरक जाणवण्यासारखा पडतो. मात्र ॲडव्हान्स तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत आणि ती गाडी चुकली तर ते तिकीट दुसऱ्या गाडीत चालत नाही, म्हणून ज्या दिवसाचा बेत पक्का आहे त्याच दिवसाचे काढावे.

तिकीट रेल्वे कंपनीच्याच संकेतस्थळावरून काढावे. तेथे जादा आकार लागत नाही आणि कोणत्याही एका कंपनीच्या संकेतस्थळावर इतर कंपन्यांच्या गाड्यांचीही तिकिटे मिळतात. काही खासगी विक्रेते प्रत्येक खरेदीवर शुल्क लावतात. छोट्या तिकिटांवर ते शुल्क सवलतीचा मोठा भाग खाऊन टाकते.

कॉलेजरोडची_आई

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विषय तोच असल्यामुळे येथेच विचारते. माझी मुलगी बावीस वर्षांची आहे. येथे अभियांत्रिकीची पदवी झाली असून सप्टेंबरमध्ये ती शेफील्डला एम.एस्सी.साठी जात आहे. तिची मावशी लंडनला आणि मैत्रिणी मँचेस्टरला आहेत, त्यामुळे तिचे जाणे-येणे होत राहील. तिने कोणते कार्ड घ्यावे? एका वर्षाचे की तीन वर्षांचे?

शेफील्डहून_परत (नाशिकरोड)

ताई, मी शेफील्डलाच शिकलो आणि आता नाशिकमध्ये असतो. मुलीने '१६-२५ रेलकार्ड' घ्यावे. भारतीय पासपोर्टवर ते ऑनलाइन मिळते, विद्यार्थी असण्याची अट नाही, वय पुरेसे आहे. एक वर्षाचे ३५ पौंड आणि तीन वर्षांचे ८०. पदवीनंतर नोकरीच्या शोधात तेथे थांबण्याचा विचार असेल तर तीन वर्षांचेच घ्यावे, मात्र ते चोविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंतच काढता येते, त्यामुळे तिने पहिल्याच वर्षी काढलेले बरे. अभ्यासक्रम संपताच परत यायचे ठरले असेल तर एका वर्षाचे पुरेसे आहे. ज्यांचे वय सव्वीसच्या पुढे गेले आहे पण जे पूर्णवेळ शिकत आहेत, त्यांनाही विद्यापीठाच्या दाखल्यावर हे कार्ड मिळू शकते. सव्वीस ते तीस वयाच्या सर्वांसाठीच वेगळे कार्ड आहे.

या कार्डाची एक अट मात्र तिला नीट समजावून सांगा. सोमवार ते शुक्रवार, पहाटे साडेचार ते सकाळी दहा या वेळेत या कार्डावर किमान १२ पौंडांचे भाडे लागते. जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने त्याला अपवाद आहेत. म्हणजे १५ पौंडांचे तिकीट सवलतीने दहाच्या आसपास यायला हवे, पण सकाळच्या त्या वेळेत ते १२ लाच मिळते. आणि मूळ भाडेच १२ पेक्षा कमी असेल तर त्या वेळेत सवलत मिळतच नाही. २०२४ च्या शरद ऋतूत एका तरुणाने अशा कार्डावर काढलेले सवलतीचे एनीटाइम तिकीट सकाळच्या वेळेत वापरले, भाड्यातला फरक फक्त १ पौंड ९० पेन्स होता, तरीही त्याच्यावर खटला भरण्याची तयारी झाली होती. तिकडच्या वर्तमानपत्रांत हे प्रकरण बरेच गाजले, कंपनीने पुढे कारवाई मागे घेतली आणि रेल्वेच्या नियामक संस्थेने अशा कारवायांची तपासणीही केली. परंतु नियम जागेवरच आहे. तिकिटावर एनीटाइम असे छापलेले असले तरी कार्डाची वेळेची अट वेगळी लागू होते, हे परक्या देशातून नुकत्याच आलेल्या मुलामुलींना कोणी सांगत नाही, आणि शिकायला गेलेल्या पोरांना अशा कारणाने पत्र यावे हे मला फार लागते. सकाळी दहाच्या आत प्रवास असेल तर तिकीट काढताना नेमकी तीच गाडी निवडावी. संकेतस्थळ मग त्या वेळेला लागू असलेलेच भाडे दाखवते.

कार्ड मोबाइलमध्ये असते, म्हणून मोबाइल चार्ज असणे ही तिची जबाबदारी मानली जाते. बॅटरी संपल्यामुळे कार्ड दाखवता आले नाही, हे कारण ऐकून घेतले जात नाही, आणि कार्ड दाखवता आले नाही तर सवलतीचे तिकीट अपुरे ठरते. इंग्लंडमध्ये दंडाची रक्कम जानेवारी २०२३ पासून १०० पौंड अधिक त्या प्रवासाचे भाडे अशी आहे. एकवीस दिवसांत भरल्यास १०० चे ५० होतात. वर्षभराची बचत एका दिवसात जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना उपयोगी पडते. एकाच गाडीने जाताना मधल्या स्टेशनापर्यंत एक आणि तेथून पुढे दुसरे, अशी दोन तिकिटे काढली तर कधी कधी एकूण भाडे कमी पडते. हे पूर्णपणे नियमात बसते. अट इतकीच की ती गाडी त्या मधल्या स्टेशनवर थांबत असली पाहिजे. गाडीतून उतरावे लागत नाही. रेलकार्डाची सवलत दोन्ही तिकिटांवर मिळते, फक्त सकाळच्या त्या किमान भाड्याच्या वेळेत तुकडे केल्यास तोटा होतो.

इंदिरानगरकर (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. आयर_ते_गोदा यांनी कार्डावर माझे नाव घालण्याचे सुचवले, ते आमच्या दोघांच्याही लक्षात आले नसते. काल रात्री मुलाशी बोललो. मी इतकी माहिती काढली याचे त्याला आश्चर्य वाटले आणि त्याने फॅमिली अँड फ्रेंड्स कार्डावर त्याचे आणि माझे नाव घालण्याचे मान्य केले.

दोन शंका उरल्या आहेत. एडिनबराला ऑगस्टमध्ये जावे असे सूनबाई म्हणतात, कारण तेव्हा नातीला सुट्टी असेल. ते ठीक आहे का? आणि लंडनमध्ये भुयारी रेल्वेने फिरताना ही कार्डे चालतात का? दोन्ही ठिकाणी पायी फिरणे पत्नीला मानवते, पण जिने चढणे-उतरणे फार झाले की गुडघे दुखतात.

आयर_ते_गोदा (लीड्स, मूळ पंचवटी)

काका, ऑगस्टमध्ये एडिनबराला मोठा कलामहोत्सव असतो. जगभरातून लोक येतात, राहण्याचे दर चढतात आणि स्वस्त ॲडव्हान्स तिकिटे लवकर संपतात. मे महिन्याच्या अखेरीस शाळांना एक आठवड्याची सुट्टी असते. तेव्हा जावे, किंवा जूनमधला एखादा शनिवार-रविवार धरावा. दिवसही त्या सुमारास खूप मोठा असतो, रात्री नऊनंतरही उजेड राहतो. मेच्या सुट्टीचे तिकीट तुम्ही निघण्यापूर्वीच मुलाने काढून ठेवलेले बरे, कारण बारा आठवड्यांचा काळ नाशिकमध्ये असतानाच सुरू होईल. त्यासाठी कार्डही त्याने आधीच काढून ठेवावे.

यॉर्क लीड्सपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे, त्यामुळे तेथे ॲडव्हान्सचा फारसा प्रश्न नाही. हवा चांगली दिसली की निघावे. स्टेशनजवळच राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे आणि त्याला प्रवेशशुल्क नाही. आयुष्यभर रेल्वेने नोकरीला गेलेल्या माणसाने तेथे अर्धा दिवस तरी ठेवावा. आणि एक सुचवल्यावाचून राहवत नाही : लीड्सहून सेटलमार्गे कार्लाइलला जाणारी गाडी. हा मार्ग प्रवाशांसाठी १८७६ मध्ये खुला झाला, वाटेत रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल लागतो, आणि कसारा घाट खिडकीतून पाहत ज्यांची नोकरी झाली त्यांना तो प्रवास नक्की आवडेल. शाळेच्या दिवशी साडेनऊनंतरची गाडी धरली तर त्यावर टू टुगेदर चालते. रेलकार्डाची सवलत साध्या गाडीच्या तिकिटावर असते, हेही लक्षात असू द्यावे. खास वाफेच्या इंजिनाच्या सहलींचे दर निराळे असतात.

गाडी उशिरा पोचली तर भरपाई मागायला संकोच करू नये. 'डिले रिपे' या योजनेत अनेक कंपन्या पंधरा मिनिटांच्या उशिरापासून, तर काही तीस मिनिटांपासून भाड्याचा काही भाग परत देतात. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, मुदत अठ्ठावीस दिवसांची असते, आणि सवलतीच्या तिकिटावरही भरपाई मिळते. तिकीट जपून ठेवावे.

हॅरोकर (मूळ सातपूर)

लंडनचे मी सांगतो. भुयारी रेल्वेत टू टुगेदर किंवा फॅमिली अँड फ्रेंड्स या कार्डांची सवलत 'ऑयस्टर' कार्डाला (आधी पैसे भरून लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये टेकवायचे कार्ड) जोडता येत नाही. सीनियर, १६-२५, २६-३० अशी व्यक्तिगत कार्डे जोडता येतात. स्टेशनवरील कर्मचाऱ्याला रेलकार्ड आणि ऑयस्टर दाखवले की ते तो जोडून देतो आणि मग गर्दीची वेळ सोडून भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. गर्दीची वेळ म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात. (कॉलेजरोडच्या ताईंच्या मुलीने मावशीकडे आल्यावर हे पहिल्यांदा करून घ्यावे. बँकेचे कार्ड टेकवून प्रवास केला तर ही सूट मिळत नाही, आणि बहुतेक विद्यार्थी नेमके तेच करतात.)

काका, तुमच्यासाठी मात्र एवढ्याकरिता सीनियर कार्ड घ्यावे असे मला वाटत नाही. मध्य लंडनात एका फेरीला साधारण तीन पौंड पडतात, त्यातला जेमतेम एक वाचेल, तोही तुमचाच. चार-पाच दिवसांत ३५ पौंड वसूल होणार नाहीत. दोघांनी स्वतंत्र ऑयस्टर घ्यावे किंवा परदेशात चालणारे आपापले बँक कार्ड टेकवावे. दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे कापले जात नाहीत, मग कितीही फेऱ्या करा. दोघांनी मिळून एकच कार्ड टेकवू नये, प्रत्येकाचे वेगळे लागते. नात बरोबर असेल तर भुयारी रेल्वेत तिला तिकीट नाही, कारण अकरा वर्षांखालची मुले मोठ्यांबरोबर विनामूल्य जातात.

तुमची दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. लीड्सची गाडी किंग्ज क्रॉसला येते आणि तेथूनच भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन मिळते. बाबासाहेबांचे घर किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे आहे. १९२१-२२ मध्ये ते तेथे राहत होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि आता तेथे स्मारक आहे. जवळचे स्टेशन चॉक फार्म. ते उघडे असण्याचे दिवस आणि वेळा आधी पाहून घ्याव्यात. तेथून पुढे कॅमडन टाउनला गाडी बदलून हायगेटला जावे. सावरकर राहत होते ते घर क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर ६५ क्रमांकाचे असून त्यावर त्यांच्या नावाची निळी गोल पाटी आहे. ते आज खासगी घर आहे, आत जाता येत नाही, त्यामुळे रस्त्यावरूनच दर्शन घ्यावे लागते.

काकूंच्या गुडघ्यांसाठी : हायगेटचे स्टेशन खोल आहे आणि बाहेरचा रस्ता चढाचा आहे. त्या बाजूला बसने जाणे सोपे पडेल. बसभाडे भुयारी रेल्वेपेक्षा कमी असते आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

इंदिरानगरकर (नाशिक)

मनःपूर्वक धन्यवाद. असे ठरवले आहे : फॅमिली अँड फ्रेंड्स कार्ड मुलगा याच आठवड्यात काढेल आणि मेच्या सुट्टीतील एडिनबराची ॲडव्हान्स तिकिटे विक्रीस आल्याबरोबर घेईल. टू टुगेदर आम्ही तेथे पोचल्यावर दोघांची छायाचित्रे आणि पासपोर्ट घेऊन लीड्सच्या तिकीट खिडकीवर काढू आणि लंडनची तिकिटे त्यावर घेऊ. सीनियर कार्ड सध्या नको. पत्नीला साठ पूर्ण झाल्यावर पुन्हा जाणे झाले तर देवळालीकरांप्रमाणे दोघांचीही तीन वर्षांची कार्डे घेण्याचा विचार करू. लंडनमध्ये हायगेटला बसनेच जाऊ. कार्लाइलच्या गाडीचे वेळापत्रक मुलाकडून मागवले आहे.